साडेतीनशे ग्रॅमची गाठ

साखर कारखान्यात तुम्ही नक्की काय करता, असं पाहुणे विचारतात. फिरणारी यंत्रं हादरू नयेत हे बघतो, असं मी सांगतो. यावर एक जण म्हणाला होता, "यंत्र म्हटलं की हादरायचंच." दुसरा म्हणाला, "त्यासाठी वेगळा माणूस ठेवलाय?" माझा मेहुणा म्हणाला, "म्हणजे हादरलं नाही तर तुम्हाला काम नाही." मेहुण्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. यंत्र शांत चाललं की माझी आठवण कोणाला होत नाही. हादरलं की चेअरमनपासून गाडीवानापर्यंत सगळे माझ्या नावानं हाका मारतात, आणि प्रत्येकाकडे एक उपाय तयार असतो.

नगरला लष्कराच्या वर्कशॉपात मी अकरा वर्षं होतो. तिथून दोन गोष्टी घेऊन या कारखान्यात आलो. एक, यंत्राचा तोल साधायची विद्या. दुसरी, याद्या करायची सवय. माझ्या खिशात कायम एक वही असते. कुठल्या यंत्राला केव्हा वंगण दिलं, कुठला बोल्ट बदलला, कुठे किती वजन लावलं, सगळं त्यात असतं. ऑफ सिझनमध्ये करायच्या कामांची यादी तर मी कार्बन लावून चार प्रतींत काढतो. माझ्या हाताखालची माणसं त्या यादीला हसतात हे मला ठाऊक आहे. हसोत. यादी आहे म्हणून कामं होतात, असं मी दोन हंगामांपूर्वीपर्यंत छातीठोकपणे सांगत असे.

तोल म्हणजे काय, ते आधी सांगतो. शेतात पाखरं हाकायला गोफण फिरवतात. दगड एवढासा, पण फिरायला लागला की हात ओढून नेतो. यंत्राचं तसंच असतं. चाकाची एक बाजू थोडी जरी जड असली, तरी फिरताना ती बाजू आसाला आपल्याकडे ओढते. प्रत्येक फेऱ्याला एक हिसका. आमच्या मोठ्या बॉयलरचा धूर ओढणारा पंखा, म्हणजे गोल लोखंडी तव्यावर बसवलेली बारा पाती, पुरुषभर उंचीचा आहे, आणि मिनिटाला सातशेवर फेरे घेतो. त्याच्या कडेला साडेतीनशे ग्रॅम जास्त झाले, तर साखरेची दोन पोती दोरीला बांधून गरगर फिरवल्यासारखा हिसका बसतो, आणि तो सेकंदाला बारा वेळा. त्यावर उपाय सोपा. जड बाजूच्या बरोबर समोर तेवढंच वजन लावायचं. सोपं नाही ते एवढंच, की जड बाजू कुठली आणि किती जड, हे पंखा सांगत नाही.

त्या वर्षी हंगामाच्या पहिल्याच दिवशी गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडली, नारळ फुटले, पेढे वाटले गेले, आणि हा पंखा थरथरायला लागला. थरथर म्हणजे किती? पंख्याशेजारच्या खोलीत नामदेवतात्या बसतात. ते बॉयलरवरचे सर्वांत जुने माणूस. त्यांचा पाण्याचा तांब्या टेबलाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आपोआप चालत जायचा आणि खाली पडायचा. तात्यांनी दोनदा उचलून ठेवला, तिसऱ्यांदा खालीच ठेवला.

"तात्या, पंख्याची चाचणी झाली होती ना?" मी विचारलं. चाचणीच्या दिवशी मी सामान आणायला नगरला गेलो होतो.

"झाली की. तुमच्या यादीत सही हाय माझी."

मी यादी काढली. 'पंखा फिरवून पाहिला का?' या ओळीपुढे 'होय' आणि खाली तात्यांची सही.

"तेव्हा हादरत होता का?"

"हादरत हुता."

"मग लिहिलं का नाही?"

"तुमी इचारलंय फिरवला का. फिरवला. हादरला का, असं कुटं इचारलंय?"

तात्यांचं बरोबर होतं, म्हणून मला जास्त राग आला. त्या रागात मी सरळ विचार केला, आणि सरळ विचार बऱ्याचदा चुकतो. पंख्याच्या एका बाजूचं बेअरिंग त्या पावसाळ्यात नवीन बसवलं होतं. ते किसननं बसवलं होतं. म्हणजे बेअरिंग ढिलं बसलं. म्हणजे किसनचा हलगर्जीपणा. लक्षात आलं की लगेच लिहून टाकायचं, ही माझी सवय. त्या दुपारीच मी चीफ इंजिनिअरसाहेबांना एक पानी अहवाल दिला आणि त्यात किसनचं नाव लिहिलं.

किसन कोण ते सांगायला हवं. तो पाथर्डीकडचा. त्याचे दोन्ही भाऊ दरवर्षी टोळीबरोबर ऊसतोडीला येतात. किसनही कोयता घेऊनच आला होता, पण एकदा गाडीचं चाक दुरुस्त करताना मी त्याचे हात बघितले आणि त्याला वर्कशॉपात घेतला. सात हंगाम झाले होते त्याला. कारखान्यात माणसं दोन प्रकारची असतात, कायम आणि हंगामी. कायम माणसाला चाळीत खोली मिळते आणि तो बारा महिने इथे राहतो. हंगामी माणसाला गाळप संपलं की बिऱ्हाड उचलावं लागतं. ऑफ सिझनमध्ये लागलाच तर एकट्याला बोलावतात, बायकामुलं गावी. किसनची मोठी मुलगी तिसरीत होती, आणि ती तिसरी दोन शाळांत मिळून करत होती. त्या आठवड्यात गुरुवारी संचालकांची बैठक होती. कायम करायच्या माणसांच्या यादीत किसनचं नाव होतं. ते मीच सुचवलं होतं, आणि सोमवारी मीच त्याच्या नावावर अहवाल दिला.

मंगळवारी बेअरिंग उघडलं. उत्तम बसवलेलं होतं. कागद जाईल एवढीही फट नव्हती. तरी आम्ही ते बदललं, पंखा चालू केला, आणि तो होता तसाच हादरला. त्याच वेळी मी वर जाऊन अहवाल परत मागायला हवा होता. पण मी मनाशी म्हणालो, खरं कारण सापडू दे, मग एकदमच नीट लिहू. अर्धवट कागद मला आवडत नाहीत.

यार्डात बैलगाड्यांची रांग वाढत होती. पंखा जोरात चालवता येत नव्हता, म्हणून बॉयलरला ओढ नव्हती, म्हणून वाफ कमी, म्हणून गाळप निम्म्यावर. तोडलेला ऊस गाडीतच वाळत होता. गाडीवान दर तासाला कोणाला तरी पुढे पाठवायचे. एकानं मला विचारलं, "साहेब, पंख्याची पूजा रीतसर झाली का?" मी म्हटलं, झाली. "नारळ नासका निघाला आसंल," तो म्हणाला आणि समाधान झाल्यासारखा परत गेला.

बुधवारी चीफसाहेबांनी पुण्याहून एक गृहस्थ बोलावले. पांढरी पँट, हातात चामड्याची पेटी. पेटीत एक लोखंडी कडं होतं. कड्याच्या आत पोकळ खाच, खाचेत तेल आणि पोलादी गोळ्या. हे कडं आसावर बसवलं, की पंखा फिरताना गोळ्या आपणहून हलक्या बाजूला सरकतात आणि तोल साधतात. उद्या जड बाजू बदलली, तर गोळ्याही जागा बदलतात. माणसाला काही करावंच लागत नाही. त्यांनी टेबलावर छोट्या मोटरीवर ते करून दाखवलं. मोटर आधी थरथरली, मग वेग वाढला आणि एकदम शांत झाली. खरं सांगतो, मी क्षणभर भारावून गेलो. आमच्या पंख्याला हेच तर हवं असतं. चिपाडं जाळल्यावर उडणारी राख पात्यांवर बसते, पाती झिजवते, आणि महिन्याभरात जड बाजू इकडची तिकडे होते. चालत्या यंत्राचा कंप ओळखून स्वतःच वजन सरकवणारी वस्तू कोणी करून दिली, तर मी माझी वही आनंदानं बंबात घालीन.

"आमच्या पंख्याच्या वेगाला चालेल का?" मी विचारलं.

"तत्त्व एकच आहे," ते म्हणाले.

"तत्त्व एकच असेल, पण तुमची मोटर केवढी पळते आणि आमचा पंखा..."

"फोरमन," चीफसाहेब म्हणाले, "त्यांना काम करू द्या."

कडं बसवायला पाच तास गेले. पंखा चालू केला. तात्यांनी तांब्या मुद्दाम टेबलावर ठेवला होता. तो या वेळी चालला नाही, उडाला. मी स्वतः धावत जाऊन पंखा बंद केला. कारण मला नंतर समजलं. अशा गोळ्या वेग एका हद्दीच्या वर गेला तरच हलक्या बाजूला जातात. त्या हद्दीच्या आत असलं, की त्या नेमक्या जड बाजूला जाऊन बसतात. आमचा पंखा त्या हद्दीच्या आतला. पुण्याचे साहेब "पाया कच्चा दिसतोय," असं म्हणून कोपरगावहून संध्याकाळची गाडी पकडायला निघून गेले. कडं काढायला आणखी तीन तास.

"चांगला मानूस हुता," तात्या म्हणाले. "च्या बी घेतला न्हाई."

गुरुवारी सकाळी मी चीफसाहेबांना सांगितलं, की मला चार वेळा पंखा थांबवायची परवानगी द्या आणि दुपारपर्यंत कोणी सल्ला देऊ नका. माझी पद्धत जुनी आणि कंटाळवाणी आहे. वेगळ्या खांबावर डायल बसवायची, तिची दांडी बेअरिंगला टेकवायची. पंखा हादरला की काटा थरथरतो आणि त्याचा पट्टा दिसतो. तो पट्टा किती रेघांचा ते मोजायचं. हे पहिलं माप. मग दीडशे ग्रॅमचं एक वजन घ्यायचं, पंख्याच्या घेरावर सारख्या अंतराच्या तीन जागी पाळीपाळीनं लावायचं आणि दर वेळी माप घ्यायचं. वजन चुकीच्या जागी असेल तर कंप वाढतो, बरोबर जागेजवळ असेल तर कमी होतो. चार आकडे मिळाले, की कागदावर कंपासनं वर्तुळं काढायची. ती जिथे छेदतात, तिथून वजनाची जागाही कळते आणि वजनही. थोडं करायचं, पंखा काय म्हणतो ते बघायचं, मग पुढचं ठरवायचं. यात अक्कल कमी आणि सोशिकपणा जास्त लागतो.

प्रत्येक वेळी पंखा थांबवून, झाकण उघडून कोणीतरी आत शिरायचं. आत राख असते आणि भाकरीच्या तव्यासारखं गरम असतं. किसन ओलं पोतं पाठीवर घेऊन आत गेला. त्याला अहवालाचं माहीत नव्हतं. मला माहीत होतं, म्हणून मी त्याच्याकडे न बघता डायलकडे बघत होतो.

पहिलं माप चोवीस रेघा. पहिल्या आणि दुसऱ्या पात्याच्या मध्ये वजन लावलं, एकतीस. पाचव्या-सहाव्याच्या मध्ये लावलं, चौदा. नवव्या-दहाव्याच्या मध्ये, तीस. मी तात्यांच्या टेबलावर वर्तुळं काढली. उत्तर आलं: पाचव्या आणि सहाव्या पात्यांच्या मध्ये, साडेतीनशे ग्रॅमच्या जवळपास.

आकडा ओळखीचा वाटला. वही उघडली. मागच्या वर्षाच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'मोठा पंखा. पाती ५ आणि ६ यांच्यामध्ये मागच्या तव्यावर पट्टी वेल्ड केली. ३५० ग्रॅम.'

म्हणजे जिथे आधीच साडेतीनशे ग्रॅम आहेत, तिथे आणखी साडेतीनशे लावा, असं उत्तर. मला वाटलं, वर्तुळं चुकली. पुन्हा काढली. तेच उत्तर. मी झाकणाशी गेलो आणि आत ओरडलो, "किसन, पाच-सहाच्या मध्ये मागच्या बाजूला जुनी पट्टी आहे. निसटत आलीय का बघ."

आतून राख झटकल्याचा आवाज आला. मग, "पट्टी न्हाई साहेब."

"म्हणजे पडली?"

"पडली न्हाई. काढली."

"कोणी?"

"मी."

तो बाहेर आला. तोंड राखेनं करडं झालेलं. मी जवळजवळ ओरडलोच. "अरे, वेल्ड केलेली पट्टी! काढायला सांगितलं कोणी?"

"चौदा नंबर," किसन म्हणाला.

मी खिशातून यादी काढली. चौदा नंबर असा होता: 'पंखा आतून साफ करणे. पात्यांवरचे व तव्यावरचे सर्व पोपडे, खवले व गाठी छन्नीने काढून, घासून, रंग देणे.' दर खंडेनवमीच्या आधी आमच्याकडे सगळी यंत्रं उटणं लावल्यासारखी साफ होतात. पूजेला यंत्र लख्ख हवं, यावर सगळ्यांचं एकमत. त्या पट्टीवर हंगामभराची राख बसून ती गाठीसारखीच दिसत असणार. किसननं ती छन्नीनं तोडली, जागा घासून गुळगुळीत केली, वर काळा रंग दिला आणि त्यावर हळदकुंकू वाहिलं.

"वेल्ड लागल्यावर तरी विचारायचं."

किसननं पाठीवरचं पोतं काढलं. तात्या मागे उभे होते. ते म्हणाले, "इचारलं हुतं त्यानं, साहेब. मी हुतो तितं. 'सगळ्याच गाठी काढायच्या का, एक लई घट्ट हाय,' म्हनला. तुमी म्हनला, यादीत काय लिवलंय? ह्यो म्हनला, सर्व. तुमी म्हनला, मग सर्व. डोकं चालवू नको."

मला ते आठवलं. त्या वेळी मी कार्बनच्या दुसऱ्या प्रतीवर टिकमार्क करत होतो आणि वर बघितलंही नव्हतं.

पट्टी वेल्ड केली. पंखा चालू केला. काट्याचा पट्टा तीन रेघांवर आला. तात्यांनी तांब्या टेबलाच्या मधोमध ठेवला आणि आम्ही तिघं त्याच्याकडे बघत उभे राहिलो. तो हलला नाही. थोड्या वेळानं यार्डात पहिली गाडी सरकली.

मी तडक ऑफिसात गेलो. दीड वाजला होता. चीफसाहेब बैठकीतून नुकतेच उठले होते.

"पंखा शांत झाला," मी म्हटलं. "आणि तो किसनवरचा अहवाल चुकीचा होता. चूक माझ्या यादीची होती."

"त्याचं नाव मागं ठेवलं," साहेब म्हणाले. "अहवाल वाचून दाखवला मी."

"परत घेता येईल का?"

"बैठक झाली. वर्षाची यादी मंजूर झाली." मग त्यांनी चष्मा काढला. "बेअरिंग मंगळवारीच नीट निघालं होतं ना?"

"हो."

"मग मंगळवारी का नाही आलात?"

खरं कारण सापडल्यावर एकदम नीट लिहिणार होतो, असं काही मी सांगितलं नाही. नवीन अहवाल लिहिला, माझं नाव घालून. मला लेखी ताकीद मिळाली. ती मी वर्कशॉपात यादीच्या शेजारी लावली. तिचा काही उपयोग झाला नाही. लोकांना वाटलं ते नवीन वेळापत्रक आहे.

किसनला मीच सांगितलं. अहवालाचंही सांगितलं. तो हात पुसत होता, पुसतच राहिला.

"म्हंजे पोरीचं नाव उन्हाळ्यात काढावं लागंल हितनं," तो म्हणाला.

"हो."

"चौथीला परत घालू मग." मग म्हणाला, "तुमी कागद लई लवकर लिवता, साहेब." एवढंच. मला तो चिडला असता तर बरं वाटलं असतं.

पंख्याचं नुकसान साडेतीनशे ग्रॅमच्या पट्टीनं एका दुपारी भरून निघालं. किसनचं नाही निघालं. पुढच्या वर्षी तो कायम झाला, चाळीत खोली मिळाली, मुलगी आता इथल्याच शाळेत आहे. पण त्याच्यानंतर आलेली आणि त्याच्याआधी कायम झालेली दोन माणसं कागदोपत्री त्याच्या वर आहेत आणि निवृत्त होईपर्यंत वरच राहतील. त्या वर्तुळांसारखी काही रीत इथे चालत नाही. मी दोनदा अर्ज दिला. दोन्हींना उत्तर आलं, की अर्ज मिळाला.

यादी मी अजून काढतो. प्रत्येक ओळीपुढे आता 'शंका' असा एक रिकामा रकाना असतो. लोक तो रिकामाच ठेवतात. किसन मात्र भरतो. मागच्या पावसाळ्यात त्यानं एकोणीस शंका लिहिल्या. त्यांतल्या अकरा म्हणजे निव्वळ त्रास होता, आठ बरोबर होत्या. प्रत्येक शंकेला उत्तर देता देता माझा एक आठवडा गेला.

चौदा नंबरचं काय करायचं, यावर मी बराच विचार केला. पट्टीवर ऑइलपेंटनं 'हात लावू नये' असं लिहून घेतलं. राख बसली की ते दिसणार नव्हतं, आणि दिसलं तरी आमच्याकडे कोण वाचतं? 'सर्व गाठी' खोडून 'पट्टी सोडून सर्व गाठी' असं लिहिलं. मग वाटलं, नवा माणूस विचारणार, पट्टी कुठली आणि गाठ कुठली, म्हणून ती सूचना तीन ओळींपर्यंत वाढवली.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी पंख्यात डोकावलो. साफसफाई झाली होती, रंग दिला होता. पाचव्या आणि सहाव्या पात्यांच्या मध्ये पट्टी जागेवर होती, पण ती काळी नव्हती. तिच्यावर शेंदराचा जाड थर होता. वाफेच्या पाइपांच्या जोडाला आम्ही शेंदूर तेलात कालवून लावतो, तो स्टोअरमध्ये डबाभर असतो. वर एक झेंडूचं फूल चिकटवलं होतं.

"हे काय?" मी विचारलं. "स्टोअरची चिठ्ठी कुठाय?"

किसन झाकणाशी बसून छन्नीला धार लावत होता. त्यानं वर बघितलं नाही.

"ऱ्हाऊ द्या साहेब," तो म्हणाला. "फूल पंखा चालू झाला की जाईल. शेंदूर ऱ्हाईल. आता कुनी ह्याच्यावर छन्नी मारून दावावी."

मी यादी काढली, चौदा नंबरपुढची माझी तीन ओळींची सूचना खोडली आणि लिहिलं: 'शेंदूर लावलेला आहे.'